कंपनीचा सीएसआर फंड आपल्या गल्लीतल्या मसाल्यापर्यंत कसा येतो?

मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, शिरोली, गोकुळ शिरगावात एवढ्या कंपन्या आहेत. आमच्या चटणी-मसाल्याला त्यांचा फंड मिळंल का?"

मिळू शकतो. पण आपण समजतो त्या वाटेनं नाही.

आधी पैसा कुठून येतो ते बघू. कंपनी कायदा 2013, कलम 135. मागच्या वर्षी ज्या कंपनीचा निव्वळ नफा 5 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा नेटवर्थ 500 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करावी लागते. कुपोषण निवारण, उपजीविका, महिला सक्षमीकरण ही कामं त्यात बसतात. आणि कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो.

आता खरी मेख. हा पैसा तुमच्या दुकानाच्या खात्यात येत नाही. कंपनी तो स्वतः खर्च करते, नाहीतर ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम 8 कंपनीमार्फत. बाहेरच्या संस्थेकडे 12ए, 80जी, तीन वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-1 नोंदणी लागते.

मग आपण कुठं बसतो? लाभार्थी म्हणून. फंडातून घेतलेलं मशीन बचत गटाच्या नावावर राहू शकतं, हे नियमातच आहे. म्हणजे गल्लीतल्या दहाजणींचा गट करा, नोंदणी असलेली संस्था शोधा, तिच्यामार्फत प्रस्ताव द्या. पैसा संस्थेकडून खर्च होईल, मिरची कांडप मशीन गटाचं राहील.

प्रस्तावात "आम्हाला 4 लाख द्या" एवढंच लिहू नका. किती जणींना काम मिळणार, आज त्यांची कमाई किती, वर्षानं किती होईल, माल कुठं विकणार, आणि फंड संपल्यावर लाइट बिल कोण भरणार, हे लिहा. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर समोरचा माणूस फाइल बाजूला ठेवणारच.

एक सावध करतो. मी स्वतः पोळलोय. "सीएसआर मंजूर करून देतो" म्हणून एका एजंटानं माझ्याकडून फाइलचे 12 हजार घेतले, नंतर फोन बंद. तेव्हा दुकान मालकाच्या नावावर हा फंड येतच नाही, एवढं माहीत असतं तर पैसे वाचले असते. फी मागणारा दिसला की तिथंच थांबा.

स्वतःचंच युनिट काढायचंय? मग सीएसआर सोडा, 2020 पासूनची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना बघा. त्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांचं अनुदान आहे, पण ते बँक कर्जाशी जोडलेलं. किमान 10 टक्के आपले घालावे लागतात. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा.

आणि कंपनीत गेलाच आहात तर कँटीनला मसाला लागतो का, तेही विचारून या. फंड एकदा मिळतो, ऑर्डर दर महिन्याला येते.

आजचा होमवर्क: जवळच्या तीन कंपन्यांच्या वेबसाइट उघडा. सीएसआर लागू असेल तर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिथं द्यावेच लागतात. त्यात अन्न किंवा उपजीविकेचं काम दिसलं, तर ते कोणत्या संस्थेमार्फत झालं ते वहीत लिहा. पहिला फोन त्या संस्थेला करायचा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!