अज्ञान मुलाच्या नांवची ठेव व प्राप्तिकर

पुणें शहराभोंवतीं जमिनी संपादिल्या जात असल्यामुळें भरपाईचा पैसा मुलाच्या नांवें बँकेंत ठेवण्याची चाल पडली आहे. भरपाईस कर नाहीं, मग व्याजास कां, असें हवेली-मुळशीकडील मंडळी आम्हांस विचारतात. सन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील भरपाईस कलम ९६ प्रमाणें प्राप्तिकर माफ आहे, हें खरें. परंतु ही माफी मुद्दलाची. ठेवीवरील व्याज हें निराळें उत्पन्न होय, व तें शेतीचें उत्पन्नही नव्हे.

सात-बाऱ्यावर अज्ञान खातेदारापुढें 'अ. पा. क.' म्हणून पालकाचें नांव लिहिण्यांत आमची सारी नोकरी गेली. तेथें मुलाची जमीन मुलाचीच राहते. प्राप्तिकरांत तसें नाहीं. अठरा वर्षांखालील मुलाचें असें उत्पन्न, आईबापांपैकीं ज्याचें करपात्र उत्पन्न अधिक, त्याच्या उत्पन्नांत मिळवावें, अशी तरतूद सन १९९२ च्या वित्त कायद्यानें झाली व ती आजही कायम आहे. पुष्कळजण फसतात ते येथेंच. बापास उसाचे आठ लाख मिळोत व शिक्षिका असलेल्या आईचा पगार सहा लाखच असो, व्याज आईकडेच धरावें लागतें. कारण शेतीचें उत्पन्न करमुक्त असल्यामुळें या तुलनेंत येत नाहीं. एकदां एकाकडे धरलें कीं पुढील वर्षींही सामान्यतः त्याच्याकडेच धरावें.

दहा लाखांच्या ठेवीस शेंकडा ७ दरानें वर्षास ७०,००० रुपये व्याज होतें. व्याज ५०,००० वर गेल्यास बँक शेंकडा १० कापते, म्हणजे ७,००० रुपये. ही कपात मुलाच्या पॅनवर पडूं नये म्हणून बँकेस आधींच लेखी कळवावें. जुन्या करपद्धतींत दर मुलामागें १,५०० रुपयांची सूट आहे. नव्या पद्धतींत ती मिळत नाहीं.

मुलानें स्वतःच्या कष्टानें वा कौशल्यानें मिळविलेलें, उदाहरणार्थ कुस्तीचें इनाम, आईबापांकडे धरीत नाहींत. मात्र तें इनाम बँकेंत ठेविलें कीं त्याचें व्याज धरतात! कायद्यांत सांगितलेलें अपंगत्व असलेल्या मुलाचें कोणतेंच उत्पन्न धरीत नाहींत.

आईबाप दोघेही हयात नसतील तर पालकानें मुलाच्या नांवें स्वतंत्र पत्रक भरावें. आमच्या माहितींतील एका चुलत्यानें पोरक्या पुतण्याचें व्याज स्वतःच्या उत्पन्नांत दाखवून विनाकारण कर भरला, आणि बँकेनें कापलेली रक्कम, जी पोराची होती, ती तशीच अडकली. सुदैवानें मुदत शिल्लक होती; चुलत्याचें सुधारित पत्रक व पुतण्याचें नवें, अशीं दोन्ही पत्रकें आम्हीं एकाच दिवशीं भरविलीं.