बाबांचा पेन्टॅक्स

सकाळी साडेआठ. डोंबिवली पूर्वेला स्टुडिओ उघडतो. पहिली गिऱ्हाइकं पासपोर्ट फोटोची. फोटो निघून, छापून, कापून पाकिटात जाईपर्यंत माणसं दोनदा घड्याळ बघतात. ठाण्याची जलद गाडी कोणासाठी थांबत नाही.

दहा. शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो संगणकावर सरळ करणं. कंटाळवाणं काम, पण भाडं त्यातूनच निघतं.

अकरा. नौपाड्याहून एक ताई आल्या. उलटी गाडी, बसून आल्या. पिशवीतून चामडी केस काढली. "काका, बाबांचा आहे. चालतो का बघा. दिवाळीत फडके रोडवर यानेच फोटो काढायचेत."

केस उघडली आणि बरं वाटलं. पेन्टॅक्स एमएक्स. १९७६ साली बाजारात आलेला, पूर्ण यांत्रिक. ऑलिम्पसच्या ओएम-१ने लहान एसएलआरची चढाओढ लावून दिली होती. पेन्टॅक्सने त्याहून किंचित लहान करून दाखवला. लेन्सशिवाय वजन अर्ध्या किलोच्या आत.

आधी तळाचं झाकण नाण्याने फिरवलं. आत जुने सेल फुटून पांढरी-हिरवी पूड साचलेली. ताईंचा चेहरा उतरला. म्हटलं, सेल फक्त प्रकाशमापकाला लागतात, शटरला नाही. लिव्हर ओढली, एक हजारांशावर दाबलं: खट्. पाचशे, अडीचशे, सव्वाशे, सगळे ठीक. एक सेकंदावर मात्र आतल्या दातेरी चाकांची घरघर रेंगाळली. तेल सुकलंय. ते काम माझं नाही, फोर्टातल्या कारागिराचं.

मागचं दार उघडून पडदा ट्यूबलाइटसमोर धरला. कापडी पडदा, भोक एकही नाही. दाराच्या खाचांमधला फोम मात्र डांबर झालेला, बोटाला चिकटला. तो काढून नवा बसवायचा, नाहीतर फिल्मवर उजेडाचे पट्टे येणार. लेन्स तिरक्या टॉर्चखाली धरली तर कडेला बुरशीची कोळिष्टकं. आमच्या खाडीकाठच्या हवेत कॅमेरा म्हातारपणाने मरत नाही, ओलीने मरतो.

सेलचे संपर्क व्हिनेगरने पुसून नवे दोन सेल घातले, बटण अर्धं दाबून कॅमेरा ताईंच्या डोळ्याला लावला. कडेला ठिपका पेटला. "हिरवा आला!" हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे थोडं चुकलं, लाल म्हणजे बरंच चुकलं. शटरचा वेग आणि लेन्सचं अ‍ॅपर्चर, दोन्ही आकडे तिथेच दिसतात. डोळा काढावा लागत नाही. कॅमेऱ्यात आपोआप काहीच होत नाही, म्हणून शिकायला याच्यासारखा गुरू नाही असं माझं मत. मुलांना मेनूत हरवलेलं रोज बघतो.

दीड. डबा.

चार. कल्याणच्या एका विद्यार्थ्याचा कृष्णधवल रोल धुवायला घेतला. डेव्हलपर वीस अंशांवर हवा, आणि ऑक्टोबरात आमच्या नळाचं पाणी कोमट. शेजारच्या सरबतवाल्याकडून बर्फ येतो. पोराने दुर्गाडीवर भर उन्हात मापकाशिवाय काढलेत: चारशेची फिल्म, अ‍ॅपर्चर १६, शटर पाचशे. निगेटिव्ह सुकायला टांगल्या. छत्तीसपैकी बहुतेक छापण्याजोग्या. शाब्बास म्हणायला फोन केला, उचलला नाही, लेक्चरला असेल.

सात. स्टेशनवरून माणसांचा लोंढा. फ्रेमवाले, लॅमिनेशनवाले, उद्याच्या मुलाखतीला आजच फोटो हवा असलेले. नऊला दुकान बंद करण्याआधी ताईंना कळवलं: फोम बदलला, लेन्स उघडून पुसली, बुरशीने काच खाल्लेली नाही, एक सेकंद सोडून सगळं वापरा, फडके रोडवर सकाळच्या उन्हात तो लागणारही नाही.

तुमच्याही माळ्यावर असा कॅमेरा असेल तर आजच तीन गोष्टी करा. सेल काढा. चामडी केस ओल धरते, ती वेगळी ठेवा. आणि महिन्यातून एकदा, फिल्म नसली तरी, सगळ्या वेगांवर शटर चालवा.