पैसे आले, हे डब्याला कळतं कसं?

परंड्यात किल्ल्याजवळच्या पेठेत गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं आणि काउंटरवरचा डबा बोलतो, अमुक रुपये मिळाले. तेवढ्या काही सेकंदांत विनंती ॲपमधून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे जाते, तिथून गिऱ्हाइकाच्या बँकेकडे, मग दुकानदाराच्या बँकेकडे. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआयनं ऑगस्ट 2023 मध्ये महिन्याला 1000 कोटी व्यवहार ओलांडले. सरासरी काढली तर सेकंदाला साडेतीन हजारांहून जास्त.

हा भार पेलणारी मूळ युक्ती मला फार मोलाची वाटते. विनंती पोचली की लगेच फक्त पोच मिळते, खरं उत्तर मागाहून स्वतंत्र संदेशानं येतं. उत्तरासाठी कुणी ताटकळत नाही.

सर्व्हरच्या आतही हाच नियम हवा. दर जोडणीला एक थ्रेड, म्हणजे कामाचा स्वतंत्र धागा दिला, तर बँकेचं उत्तर येईपर्यंत तो अडकतो. लिनक्सवर एकेका थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा 8 एमबी ॲड्रेस स्पेस राखली जाते, शिवाय थ्रेडची अदलाबदल करण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. प्रोग्रॅमर डॅन केगेल यांनी 1999 मध्ये एकाच सर्व्हरवर दहा हजार जोडण्या सांभाळण्याचा प्रश्न मांडला. पुढे फ्रीबीएसडीत केक्यू आणि लिनक्समध्ये ईपोल आलं. त्यांच्यामुळे आता एकच थ्रेड हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवतो, जिथं काही घडलं तेवढ्याच कर्नल त्याच्या हाती देतो. तो ते काम रांगेत टाकतो आणि मोजके थ्रेड ते उचलतात. थ्रेड वाढवले की वेग वाढतो, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे, आणि तो चुकीचा आहे.

खरी कसोटी त्या रांगेपाशी लागते. थ्रेडनं पाहिलं, रांग रिकामी आहे. तो झोपायला निघाला, आणि नेमक्या त्याच फटीत काम आलं. जागं करणारा इशारा दिला गेला, पण तेव्हा झोपलेलं कुणीच नव्हतं. इशारा वाया गेला. आता थ्रेड झोपतो आणि काम रांगेत पडून राहतं. म्हणून रांग तपासणं आणि झोपायला जाणं एकाच कुलुपाखाली (लॉक) व्हावं लागतं, झोपताक्षणीच ते कुलूप सुटावं लागतं, आणि इशारा देणाऱ्यानंही काम त्याच कुलुपाखाली रांगेत टाकावं लागतं. जागं झाल्यावर पुन्हा तपासायचं, कारण इशाऱ्याशिवायही जाग येऊ शकते किंवा दुसऱ्यानं काम आधीच उचललेलं असतं. त्यासाठी ‘इफ’ पुरत नाही, ‘व्हाइल’ लागतं. एका कामासाठी सगळ्यांना उठवायचंही नाही; एक काम करतो, बाकीचे उगाच कुलुपासाठी झटतात.

रांगा अनेक असतील, तर एकाच खात्याची कामं एकाच रांगेत गेली आणि ती एकाच थ्रेडनं उचलली की क्रम टिकतो, कुलुपंही कमी लागतात. तोच व्यवहार क्रमांक दुसऱ्यांदा आला तर पैसे पुन्हा कापायचे नाहीत, म्हणून झालेल्या व्यवहारांची नोंद वेगळी ठेवावी लागते.

परंडा, बार्शी, धाराशिवकडून पुण्याला संगणक शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे: तयार लायब्ररी वापरण्याआधी अशी एक रांग स्वतः लिहा, आणि ती झोपेची फट मुद्दाम उघडी ठेवून प्रोग्रॅम अडकलेला एकदा डोळ्यांनी पाहा.