दिल्लीतल्या खुर्चीवर कोण बसतं आणि आपल्या लग्नपत्रिकेचं काय होतं?



मागच्या बॅचमध्ये एका ताईने मला थेट विचारलं, "सर, कॉपीराइट ऑफिसचा साहेब बदलला काय अन् राहिला काय, आपल्याले काय फरक पडते?" ताई मसाल्याच्या पाकिटांवर स्वतः काढलेली चित्रं छापते, म्हणजे प्रश्न तिच्या पोटापाण्याचाच होता. वर्गात दोन मिनिटांत उत्तर देता आलं नाही, म्हणून आज नीट लिहितोय.

आधी माझा किस्सा ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्या छपाईच्या दुकानातून मी पूर्ण वऱ्हाडीतली लग्नपत्रिका काढली. नवरदेवाचा मामा घरी येऊन आवतन देतोय, असा सगळा मजकूर. रात्री जागून लिहिला होता. दोन सीझन पत्रिका जोरात चालली. तिसऱ्या सीझनला शेजारच्या तालुक्यातल्या एका छपाईवाल्याने ती जशीच्या तशी उचलली. माझी शुद्धलेखनाची एक चूक होती, तीसुद्धा त्याने तशीच ठेवली! मी तणतणत गेलो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमची आहे याचा कागद दाखवा न." कागद नव्हता. मूळ फाईल जुन्या कॉम्प्युटरसोबत गेली होती. बीबीएमध्ये मार्केटिंगचे सगळे 'पी' पाठ केले होते, पण हा कागदाचा 'क' कोणी शिकवला नव्हता.

हक्क आपोआप मिळतो, पुरावा नाही

कायदा सोपा आहे. तुम्ही काही लिहिलं, काढलं, गायलं की त्या क्षणी कॉपीराइट तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. लेखन, चित्र, संगीत यांवरचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. पण भांडण कोर्टात गेलं की नोंदणीचं प्रमाणपत्र हा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. ते असेल तर तुमचं म्हणणं खोटं आहे हे समोरच्याला सिद्ध करावं लागतं. नसेल तर माझ्यासारखं तोंड घेऊन परत यावं लागतं.

हे प्रमाणपत्र देतं दिल्लीचं कॉपीराइट कार्यालय. त्याचा प्रमुख म्हणजे रजिस्ट्रार ऑफ कॉपीराइट्स. अर्ज स्वीकारायचा की फेटाळायचा, हरकत आली तर दोन्ही बाजू ऐकायच्या, लोकांना हजर राहायला सांगायचं, कागद मागवायचे, हे अधिकार त्याच्याकडे. पण १९५७ च्या कायद्यातच लिहिलंय की तो केंद्र सरकारच्या देखरेखीखाली आणि निर्देशाप्रमाणे काम करतो. म्हणजे खुर्ची एक, पण तिच्या मागे मंत्रालय उभं. २०१६ पर्यंत हा विषय मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे, म्हणजे शिक्षणाच्या घरात होता. मग तो वाणिज्य मंत्रालयातल्या उद्योग खात्याकडे गेला. घर बदललं की बघायची नजरही बदलते.

सहीची किंमत आपल्या अंजनगावला तरी सांगायला नको. ३० डिसेंबर १८०३ ला शिंदे आणि इंग्रज यांचा तह इथेच झाला आणि कुठले कुठले मुलूख हातचे गेले. सही एका जागी होते, परिणाम शेकडो कोसांवर होतात.

कागद एक, गोंधळ तीन वर्षं

पहिलं उदाहरण. कायद्यात एक सोय आहे: रेडिओ-टीव्हीवाल्यांना ठरलेली रॉयल्टी भरून गाणी वाजवता येतात, मालकाच्या होकारासाठी अडून राहावं लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये उद्योग खात्याने एक कार्यालयीन ज्ञापन काढलं की ही सोय इंटरनेटवरच्या प्रसारणालाही लागू आहे. मोबाईल ॲपवाल्यांना आधार मिळाला, गाण्यांच्या मालकांचा भाव करण्याचा हक्क अडचणीत आला. टिप्स विरुद्ध विंक हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की गाणी डाऊनलोड करू देणं किंवा मागेल तेव्हा ऐकवणं या सोयीत बसत नाही, आणि खात्याचं ज्ञापन म्हणजे कायदा नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम ठेवलं.

मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते, ती कोर्टात जाऊ शकली. आपल्या परतवाड्याचा एखादा पोरगा घरी स्टुडिओ लावून गाणी करत असेल, तर तो कुठे जाणार?

लग्नातली गाणी

दुसरं उदाहरण आपल्या मंगल कार्यालयातलं. धार्मिक समारंभात गाणी वाजवली तर कॉपीराइटचा भंग होत नाही आणि त्यात वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम येतात, असं कायदाच म्हणतो. पण संगीत, डीजे नाईट, रिसेप्शन हे सगळं त्यात बसतं का? यावर २०१९ मध्ये दिल्लीहून सूचना निघाली. २०२२ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुलै २०२३ मध्ये उद्योग खात्याने पुन्हा सूचना काढली: लग्नात वाजवलेल्या गाण्यांसाठी पैसे मागू नका. तिचा आधार घेऊन जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने परिपत्रक काढलं. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं, कारण परिपत्रक कायद्याच्या पुढे गेलं होतं.

आता यात बरोबर कोण? लग्नघरच्या बापाच्या बाजूने बघाल तर पैसे मागणारा नको वाटतो. गीतकार-संगीतकाराच्या बाजूने बघाल तर त्याची मजुरी बुडते. मी कोणा एकाची बाजू घेत नाही. माझा मुद्दा एवढाच, की वरच्या साहेबाने कायद्यापेक्षा जास्त किंवा कमी लिहिलं की खाली डीजेवाला, कार्यालयवाला आणि कलाकार तिघेही वर्षानुवर्षं लोंबकळतात.

खुर्ची रिकामी राहिली तर?

वाईट साहेबापेक्षा रिकामी खुर्ची जास्त महाग पडते. कॉपीराइटचे वाद ऐकायला पूर्वी कॉपीराइट बोर्ड होतं. २०१७ मध्ये ते बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन केलं. त्या मंडळाच्या अध्यक्षाचं पद २०१६ च्या मध्यापासून २०१७ संपेपर्यंत रिकामंच होतं. २०२१ मध्ये मंडळच बंद झालं आणि कामं उच्च न्यायालयांकडे व व्यावसायिक न्यायालयांकडे गेली. या काळात ज्याची फाईल अडकली, त्याने काय करायचं? दुकान उघडं, बोर्ड लावलेला, पण गल्ल्यावर माणूसच नाही!

एआय आलं आणि प्रश्न मोठा झाला

२०२० मध्ये आपल्या कार्यालयाने 'सूर्यास्त' नावाच्या चित्राला नोंदणी दिली. त्यात माणसासोबत एक एआय प्रोग्राम सहनिर्माता म्हणून होता. पुढच्याच वर्षी त्याच कार्यालयाने नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. आज दिलेला कागद उद्या टिकेल का, ही शंका धंद्याला परवडत नाही.

अमेरिकेत तर हे भांडण उघड्यावर आलं. ९ मे २०२५ ला तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने अहवाल दिला, की एआयला शिकवायला लोकांचं साहित्य वापरणं प्रत्येक वेळी 'योग्य वापर' ठरत नाही. दुसऱ्याच दिवशी कार्यालयाच्या प्रमुख शिरा पर्लमटर यांना पदावरून काढल्याचा ईमेल आला. त्याच्या दोन दिवस आधी, ज्यांच्या हाताखाली हे कार्यालय येतं त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुख कार्ला हेडन यांनाही काढलं होतं. पर्लमटर कोर्टात गेल्या. अहवाल आणि बडतर्फी यांचा संबंध होता का, यावर तिकडे वाद आहे. पण जगभरच्या निर्मात्यांना एक गोष्ट समजली, की आपल्या हक्कांचा अर्थ लावणारी खुर्ची एका ईमेलने हलू शकते.

मग आपण काय करायचं?

साहेब आपण नेमत नाही. पण आपलं घर मजबूत ठेवणं आपल्या हातात आहे.

१. तारखेचा पुरावा ठेवा. कच्चे कागद फेकू नका. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा आणि स्वतःला ईमेल करा.

२. डिझायनरकडून काम घेताना हक्क लेखी लिहून घ्या. लिहून देताना मुदत आणि प्रदेश टाका. नाही टाकलं तर कायदा ५ वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो.

३. अर्ज ऑनलाईन करा. साध्या लेखनाला किंवा चित्राला ५०० रुपये, मालावर वापरायचं असेल तर २,००० रुपये. अर्जानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. त्रुटीचं पत्र आलं तर मुदतीत उत्तर द्या.

४. पाकिटावरच्या चित्रासाठी ट्रेडमार्क कार्यालयाचं प्रमाणपत्रही लागतं. ब्रँडचं नाव मात्र कॉपीराइटमध्ये येत नाही, त्याला ट्रेडमार्कच करा.

५. अर्ज फेटाळला तर गप्प बसू नका. रजिस्ट्रारच्या आदेशावर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

६. सरकार नियमांचा मसुदा काढतं तेव्हा सूचना मागवतं. तिथे मोठ्या कंपन्या लिहितात, आपण लिहीत नाही. मराठीत चार ओळी लिहा, पण लिहा.

माझ्या पहिल्या पत्रिकेचे पैसे गेले ते गेलेच. दुसऱ्या पत्रिकेचा अर्ज केला, तर मजकूर आणि चित्र एकाच अर्जात कोंबले. चूक माझीच. पुन्हा वेगळे अर्ज केले, वाट पाहिली, प्रमाणपत्र आलं. आज ते दुकानात गल्ल्याच्या वर फ्रेम करून लावलंय. कोणी विचारलं "भाऊ, कागद?" तर मी फक्त बोट वर करतो.

तर ताई, फरक पडते. साहेब चांगला असला तर तुमचा कागद वेळेवर येते, अन् साहेब कसाही असला तरी तुमचा पुरावा तुमच्याचजवळ पाह्यजे. आज रात्री दुकान बंद केल्यावर एवढंच करा: तुमची सगळ्यात जास्त चालणारी डिझाईन काढा आणि तिची मूळ फाईल कुठे आहे ते शोधा. सापडली तर अर्ज भरा. नाही सापडली तर उद्यापासून जपायला लागा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण कागदासकट!