तेल प्यालेली जमीन आणि तिचा इलाज

कापडावर तेलाचा डाग पडला की ताग्याचा भाव उतरतो. जमिनीचा मात्र उतरत नाही, कारण गोदामासाठी जागा घेताना आपले व्यापारी बंधू रस्ता पाहतात, कागदपत्रे पाहतात, माती कोणी पाहत नाही. जिथे पूर्वी गॅरेज किंवा डिझेलचा साठा होता, तिथली माती वर्षानुवर्षे तेल पिऊन बसलेली असते. ते शेजारच्या विहिरीत उतरले तर तक्रार नव्या मालकाच्या दारी येते.

यावर एक स्वस्त पण सावकाश इलाज आहे. डिझेल, रॉकेल, वंगण हे सर्व हायड्रोकार्बन. मातीतील काही जीवाणू तेच खाऊन जगतात आणि शेवटी त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. अल्लाहने ही सोय आधीच करून ठेवली आहे! मात्र त्यांना हवा, ओल आणि नत्र-स्फुरद लागते. तेलात ही खते जवळजवळ नसतात. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' जहाजाचे तेल किनाऱ्यावर पसरले, तेव्हा तिथे खत टाकून स्थानिक जीवाणूंचेच काम वाढवले गेले. आपल्याकडे 'टेरी' संस्थेने 'ऑइलझॅपर' नावाचे जीवाणूंचे मिश्रण तयार केले असून ते तेल कंपन्यांच्या तेलकट गाळावर वापरले गेले आहे.

गवताचे काम काय? गवत तेल शोषून घेते असा समज आहे, पण मुख्य काम वेगळे. मुळे माती पोकळ करतात, हवा आत जाते आणि मुळांतून झिरपणाऱ्या साखरेवर जीवाणूंची संख्या कित्येक पटींनी वाढते. हरळी, खस अशी दाट मुळांची गवते यासाठी चांगली. माती उकरून शेणखत मिसळावे, गवत लावावे, ओल ठेवावी. पाणी तुंबू देऊ नये.

डिझेल काही महिन्यांत बरेच कमी होते, डांबरासारखे जड तेल वर्षे घेते. माती तेलाने ठिबकत असेल तर बीच रुजत नाही. मुळांच्या खाली गेलेल्या तेलालाही हा उपाय पोचत नाही. शिवाय इंजिनच्या जळक्या तेलात शिसे, जस्त असू शकते. धातू कोणताही जीवाणू संपवू शकत नाही. म्हणून त्या गवतावर बकरी ईदचे बोकड चारू नयेत.

गॅरेजवाल्या बांधवांनी जळके तेल जमिनीवर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, परवानाधारकालाच द्यावा लागतो. आणि जागा घेणाऱ्याने बयाणा देण्यापूर्वी मातीतील तेल व शिसे प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. अहवाल हातात असला की भावाची बोलणी वेगळी होतात.