न रंगवलेला हिमनग

मूठभर अरवा तांदूळ घ्या, मूठभर उसना घ्या आणि दोन्ही काळ्या पाटीवर शेजारी शेजारी पसरा. केशोरीत काय, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या कुठल्याही धानाच्या गावात काय, हे दोन्ही सहज मिळतील. अरव्याच्या काही दाण्यांच्या पोटाशी खडूसारखा पांढरा ठिपका दिसेल. उसन्याचा दाणा किंचित पिवळसर आणि काचेसारखा असेल. आता असा काचेसारखा दाणा भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत पडू द्या. क्षणात फुलून त्याचा पांढरा मुरमुरा होतो. वाळूने त्याला रंग दिला नाही, कुणी वरून काही लावलेही नाही. मग हा पांढरेपणा आला कुठून?

हाच प्रश्न हजारो कोस दूर, दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या जहाजावरच्या जलरंगाच्या वर्गात पहिल्याच दिवशी उभा राहतो.

अंटार्क्टिकाला जाणारी बहुतेक पर्यटक जहाजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआइया बंदरातून सुटतात. मध्ये ड्रेक सामुद्रधुनीचा खवळलेला पट्टा लागतो. तो ओलांडायला साधारण दोन दिवस जातात. या दिवसांत प्रवाशांना पक्षी, व्हेल, हिमनद्या यांवर व्याख्याने ऐकवतात आणि काही जहाजांवर चित्रकारही सोबत असतो. वर्गात बसणाऱ्यांपैकी अनेकांनी शाळा सुटल्यावर ब्रश हातात धरलेला नसतो. तिसऱ्या दिवशी खिडकीबाहेर पहिला हिमनग दिसतो, सगळे रंगपेटी उघडतात आणि त्यात पांढरा रंग शोधू लागतात.

शिक्षकाचे पहिले सांगणे असते की पांढरा शोधू नका, हिमनग रंगवूच नका. त्याच्या मागचे करडे आकाश रंगवा, पायथ्याचे गडद पाणी रंगवा, अंगावरच्या निळसर सावल्या टाका आणि मधली जागा कोरी सोडा. जी कोरी राहील तोच हिमनग. पारदर्शक जलरंगाची ही जुनी शिस्त आहे: उजेड कागदाचा, रंग फक्त त्याला अडवतो. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते तैलरंगातले असावे असे अनेकांना वाटते, पण ते जलरंगातले आहे. दिव्याचा तो सोनेरी प्रकाश पातळ थरांतून परत येतो तोही खालच्या कागदावरूनच.

पण कागद तरी पांढरा का? तो बनतो सेल्युलोजच्या तंतूंचा, आणि एकेकटा तंतू जवळजवळ पारदर्शक असतो. तंतूंच्या जाळीत हवा अडकलेली असते. प्रकाश तंतूतून हवेत आणि हवेतून तंतूत शिरताना प्रत्येक सीमेवर थोडा वळतो, थोडा परततो. अशा असंख्य सीमा ओलांडताना तो सगळीकडे विखुरतो. सर्व रंग सारख्याच प्रमाणात विखुरले की डोळ्याला दिसतो तो पांढरा. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, तो कुटला की पिठीसाखर पांढरी होते, कारण कणाकणांत हवा शिरली. अरवा दाण्याच्या पोटातला ठिपकाही पिष्टाच्या कणांमधल्या पोकळीचा. धान उसना करताना, म्हणजे भिजवून वाफवताना, पिष्ट फुगून त्या पोकळ्या भरून टाकते, म्हणून उसना दाणा काचेसारखा होतो. मुरमुऱ्यात तीच हवा पुन्हा परतते.

आता बर्फ पाहा. फ्रीजमधला बर्फाचा स्वच्छ खडा पारदर्शक असतो. नुकताच पडलेला हिमाचा थर मात्र दहातले नऊ भाग हवाच असतो. एक घनमीटर ताज्या हिमाचे वजन १०० किलोच्या आसपास भरते, तर तेवढ्याच घट्ट बर्फाचे ९१७ किलो. हिम पांढरे दिसते ते मुरमुऱ्याच्याच कारणाने. म्हणजे जहाजावरचा शिकाऊ चित्रकार कागद कोरा सोडतो तेव्हा तो हिमाची नक्कल करत नसतो. कागद आणि हिम दोघेही एकाच युक्तीने पांढरे झालेले असतात.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. भजी ठेवलेल्या कागदावर तेलाचा डाग पडतो आणि तिथून पलीकडची अक्षरे दिसू लागतात. तेल प्रकाशाला जवळपास तंतूइतकेच वळवते. हवेची जागा तेलाने घेतली की सीमा पुसल्या जातात आणि पांढरेपणा जातो. पाण्यानेही हेच होते, थोडे कमी. जलरंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाने अनुभवलेले असते. पाणी उडाले, हवा परत आली, कागद पुन्हा उजळला.

मग हिमनगाच्या भेगांमधला तो गाढ निळा कुठला? हिमनग ज्या हिमनदीतून तुटतो तिच्यात वर्षानुवर्षे थरावर थर साचतात. वरच्या वजनाने खालचे हिम दाबले जाते, हवा पिळून निघते, उरलेले बुडबुडे आक्रसतात. आता प्रकाश विखुरत नाही, मीटरच्या मीटर आत जातो. पाण्याचा रेणू लाल प्रकाश अगदी थोडा शोषतो, इतका थोडा की पेलाभर पाण्यात ते कळतही नाही. पण वाट लांबली की हिशोब जमत जातो. लाल आटतो, निळा परत येतो. केशोरी परिसरातली लालभडक मिरची स्वच्छ समुद्रात वीस-तीस मीटर खोल नेली, तर ती काळपट दिसेल. मिरची लाल प्रकाश परतवते, पण परतवायला तिथे लाल उरलेलाच नसतो. म्हणून शिक्षक सांगतो: हिमनगाच्या माथ्याला हात लावू नका, पण भेगेत निळा भरायला कचरू नका.

या सगळ्यात रंग कागदाला धरून ठेवतो तो डिंक. जलरंगाची वडी म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड आणि डिंक. त्यासाठी वापरतात तो डिंक बाभळीच्या कुळातल्या आफ्रिकी झाडांचा. ओलावा टिकावा म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा मधही घालतात. गोंदिया हे नाव इथल्या जंगलातल्या गोंदाच्या, म्हणजे डिंकाच्या, व्यापारावरून पडले असे सांगतात. ते खरे असेल, तर जलरंगाच्या मूळ घटकाचे नाव या जिल्ह्याच्या पाटीवरच लिहिलेले आहे.

डिंकाची खरी परीक्षा मात्र जहाजाच्या उघड्या डेकवर. उन्हाळ्यातही तिथला पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो. केशोरीत मे महिन्यात ब्रश परत फिरवेपर्यंत रंग वाळलेला असतो. डेकवर तो वाळतच नाही. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. थंड हवेला पाणी उचलायला जागाच नसते. पारा आणखी उतरला की ओला रंग कागदावर गोठू लागतो. बर्फाचा स्फटिक वाढताना फक्त पाण्याच्या रेणूंना आपल्यात घेतो. रंग आणि डिंक कडेला ढकलतो. बर्फ गेल्यावर कागदावर नेच्याच्या पानांसारखी नक्षी उरते. समुद्र गोठतानाही हेच घडते. खारे पाणी उणे १.८ अंशांना गोठू लागते आणि तयार होणारा बर्फ मीठ बाहेर टाकत जातो. कागदावर बिघडलेले आकाश म्हणजे समोरच्या समुद्राचा छोटा प्रयोगच. काही चित्रकार पाण्यात व्होडका मिसळतात. ४० टक्के मद्यार्क असलेली व्होडका उणे २० अंशांपर्यंतही गोठत नाही.

हा वर्ग पर्यटकांच्या काळातला वाटतो, पण त्याचा एक जुना तास नोंदलेला आहे. १९११ च्या हिवाळ्यात दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेल्या कॅप्टन स्कॉटची तुकडी अंटार्क्टिकावर केप इव्हान्सच्या लाकडी झोपडीत राहत होती. बाहेर महिनोन्महिने अंधार. संध्याकाळी कुणी ना कुणी व्याख्यान द्यायचे. डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी एकदा विषय घेतला रेखाटनाचा. त्यांची रीत स्कॉटने रोजनिशीत टिपली आहे. बाहेर फक्त पेन्सिलीने भराभर आकार टिपायचा, रंगांची नावे तिथेच शब्दांत लिहायची आणि रंगवायचे आत येऊन. गारठलेल्या बोटांना हेच जमण्यासारखे होते. हातमोजा काढून काही मिनिटेच काम करता यायचे. विल्सन यांच्यासाठी चित्र ही हौस नव्हती. रंगीत छायाचित्रण अजून बाल्यावस्थेत होते, त्यामुळे ध्रुवीय आकाशाचे रंग, चंद्राभोवतीची खळी, पेंग्विनची चोच यांची शास्त्रीय नोंद त्यांच्या ब्रशवर अवलंबून होती. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ च्या मार्चअखेरीस ते स्कॉटसोबत तंबूत मरण पावले. त्यांची चित्रे मागे राहिली.

भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा आपल्या शेजारून सुरू झाल्या. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली मोहीम गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आजही गोव्यातल्या वास्कोतच आहे. आता पर्यटकांनाही अंटार्क्टिकापर्यंत मजल मारता येते, पण नियम कडक आहेत. एका ठिकाणी एका वेळी १०० हून अधिक पर्यटक उतरवत नाहीत आणि तिथे काहीही मागे सोडायचे नाही. ब्रश धुतलेले पाणी बाटलीत भरून जहाजावर परत आणणे हाही मग धड्याचाच भाग होतो.

ध्रुवाचे तिकीट न काढता या वर्गाचा पहिला तास केशोरीतही घेता येईल. वाडग्यात मुरमुरे घ्या, खिडकीपाशी ठेवा. कागदावर मागची भिंत रंगवा, वाडग्याखालची सावली रंगवा, दाण्यांच्या मधल्या फटींत पातळ निळसर करडा सोडा. मुरमुऱ्याला ब्रश लावायचा नाही. जमले नाही तर हरकत नाही, पहिल्यांदा हात शिवशिवतोच. चित्र फसले तर कागद बाजूला ठेवा आणि मुरमुऱ्यांत थोडे तेल-तिखट घालून खा. तेल लागलेले दाणे किंचित आरपार दिसू लागतील, तेव्हा ते का, हे आता ठाऊक आहे.