आईसाठी घेतलेली पाटी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीचा फराळ उरकून घरातली मंडळी दुपारी जरा लवंडली होती आणि आई नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या आरामखुर्चीत दिवाळी अंक घेऊन बसली होती. तिचा हा नेम मी समजू लागल्यापासून पाहत आलो आहे. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक, अशीच दिवाळीतली आई माझ्या मनात आहे. तासाभराने मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो, तेव्हा मांडीवर उघडे असलेले पान ओळखीचे वाटले. मघाशी मी तिथून गेलो तेव्हाही तेच चित्र, तेच पान होते.

"कशी आहे कथा?" मी विचारले.

"बरी आहे," ती म्हणाली आणि अंक मिटून बाजूला ठेवला.

रात्री सौ.ने मला उलगडा केला. सासूबाईंना गेले सहा महिने बारीक छपाई वाचता येत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली होती. आता दृष्टिपटलाचा मधला भाग वयोमानाने झिजत चालला होता. चष्मा बदलून फारसा उपयोग नाही, अक्षर मोठे करा आणि उजेड भरपूर ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तपासणीला सौ.च घेऊन गेली होती; मला मात्र सांगू नकोस, असे आईने तिला बजावले होते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पुस्तके हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि जिने मला पाटीवर 'ग' गिरवायला शिकवला, बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवले, ती बाई माझ्याच घरात वाचल्याचे सोंग करत बसली होती! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर मी जाहीर केले, की आईसाठी टॅब्लेट घ्यायचा. पाडव्याचा मुहूर्त साधून आम्ही बापलेक दुकानात गेलो. चिरंजीव महाविद्यालयात जाणारे. त्यांनी प्रोसेसर, कॅमेरा आणि खेळ खेळताना चित्र अडखळते की नाही, याची कसून चौकशी केली. मी वजन पाहिले. माझ्या शबनम पिशवीत मावतो का, तेही पाहिले. आठ इंची, सडपातळ, झुळझुळीत असा एक टॅब्लेट आम्ही मोठ्या हौसेने घरी आणला. आईने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, "पाटीच की ही!" म्हणाली आणि पाडव्याची खरेदी म्हणून त्याला हळदकुंकू लावले.

तीन आठवड्यांनी ती पाटी मला तिच्या कपाटात, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली सापडली.

"अगं, वाचत नाहीस?"

"वाचते की. पण महागाची वस्तू. उगाच खराब व्हायची."

म्हणजे सोंग चालूच होते; फक्त आता ते टिकवायला मीच पैसे मोजले होते.

मग मी एक गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. एका रविवारी मी आईशेजारी बसलो, तिला ती पाटी वापरायला सांगितली आणि स्वतः तोंड बंद ठेवून नुसते पाहत राहिलो. अर्ध्या तासात मला जे कळले, ते दुकानातल्या सगळ्या माहितीपत्रकांत नव्हते.

पहिली गोष्ट पानाची. टॅब्लेटचा पडदा कर्णाने मोजतात. आपले डेमी आकाराचे पुस्तक साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. त्याचा कर्ण काढला तर दहा इंचांहून किंचित जास्त भरतो. दिवाळी अंकाचे पान त्याहूनही मोठे. ते आठ इंचांत बसवायचे म्हणजे आधीच बारीक असलेले अक्षर आणखी बारीक करायचे. तुम्ही म्हणाल, बोटांनी मोठे करता येते की! येते, पण इथे एक मेख आहे. ज्याला पीडीएफ म्हणतात, त्यात जुन्या पुस्तकांची पाने बहुधा नुसती छायाचित्रे असतात. छायाचित्र मोठे केले की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. आई प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत होती आणि पुन्हा पुढची ओळ शोधायला मागे येत होती. चौथ्या ओळीला ती थकली. इपब पद्धतीच्या ई-पुस्तकात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. तिथे लहान पडदाही चालतो. तेव्हा टॅब्लेट किती इंची घ्यावा, या प्रश्नाआधी त्यावर काय वाचायचे, हा प्रश्न येतो. प्रमाण तेच ठेवून आठ इंचांऐवजी अकरा इंच घेतले, तर पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते. चौरसाकडे झुकणाऱ्या पडद्यावर पुस्तकाचे पान चांगले बसते. लांबट पडदा सिनेमाला सोयीचा.

दुसरी गोष्ट वजनाची. हलका टॅब्लेट घेतल्याचा मला अभिमान होता. पण आई पोथी कधी हातात धरून वाचत नाही. लाकडी ठवणीवर ठेवून वाचते! अकरा इंची टॅब्लेट सुमारे अर्धा किलोचा असतो. तो हातात धरून पाऊण तास वाचणे तिला जमले नसतेच; पण ठवणीला अर्धा किलो काय नि पाऊण किलो काय? म्हणजे ज्या सोयीसाठी मी पडदा लहान घेतला, ती तिला नकोच होती. ती सोय माझ्या पिशवीची होती.

तिसरी गोष्ट उजेडाची. आईची खुर्ची खिडकीशी. गुळगुळीत पडद्यात आधी खिडकीचे गज दिसत, मग तिचा स्वतःचा चेहरा आणि सर्वांत शेवटी मजकूर. खुर्ची काटकोनात फिरवल्यावर निम्मे काम झाले. उरलेले पडद्यावर चमक मारणारी पातळ फिल्म लावून झाले. किंडलसारखे, ई-शाईचे वाचनयंत्र घ्यावे का, हाही विचार मी केला. २००७ साली बाजारात आलेल्या या यंत्राचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर वाचता येतो, चमकत नाही आणि एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चालतो. ज्याला केवळ कादंबऱ्या वाचायच्या आहेत, त्याने तोच घ्यावा. पण त्याचे नेहमीचे नमुने सहा-सात इंची, आणि आईला बेळगावच्या मावशीशी समोरासमोर बोलायचे असते, कीर्तनही पाहायचे असते. ते काम ई-शाईचे नव्हे.

चौथी गोष्ट बोटाची, आणि हिने मला सर्वांत ओशाळे केले. आई बोट लावी, पाटी ढिम्म हलत नसे. मग ती जोराने दाबी आणि भलतेच काही उघडे. "मला नाही जमायचं रे," असे ती म्हणे आणि मी तिला पुन्हा पुन्हा शिकवत बसे. दोष तिच्या बुद्धीचा नव्हताच. आजच्या पडद्यांना दाब कळत नाही. बोटामुळे पडद्यावरच्या विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल कळतो. म्हातारपणी बोटांची टोके कोरडी पडतात आणि तो बदल क्षीण होतो. २०११ साली भारत सरकारने विद्यार्थ्यांसाठी आणलेल्या स्वस्त 'आकाश' टॅब्लेटचा पहिला पडदा दाबावर चालणारा होता. त्यावर नखही चालले असते. आताच्या पडद्यावर नख चालत नाही. उपाय अगदी किरकोळ निघाला. रबरी टोकाची एक साधी लेखणी आणली आणि पाटी आईचे ऐकू लागली. पाटीवर पेन्सिल चालवण्यात तिचा जन्म गेला. ती तिला कुणी शिकवावी लागली नाही.

एवढे ध्यानात आल्यावर मी पुन्हा दुकानात गेलो, या वेळी चिरंजिवांना न घेता आणि आईला घेऊन. बरोबर तिची ठवणी नेली! दुकानातला मुलगा हसला, पण त्याने जागा करून दिली. अकरा इंची टॅब्लेट ठवणीवर ठेवून आम्ही त्यावर एक जुने मराठी पुस्तक उघडले. इंग्रजीपेक्षा देवनागरीची परीक्षा कडक असते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' वेगळे दिसले पाहिजेत, जोडाक्षरे उलगडली पाहिजेत, अनुस्वार धुळीच्या कणासारखा वाटता कामा नये. २०१० साली आलेल्या पहिल्या आयपॅडच्या पडद्यावर इंचाला १३२ ठिपके होते; २०१२ च्या नमुन्यात ते २६४ झाले आणि अक्षरांच्या कडा छपाईसारख्या दिसू लागल्या. मराठी वाचायचे असेल, तर दोनशेच्या खाली जाऊ नये असे मी म्हणेन. मग त्या मुलाला मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय चालू करायला सांगितली. यंत्राचा उच्चार ऐकून आईने नाक मुरडले. पण डोळे दमल्यावर चालेल, असा शेरा दिला.

सिमकार्डाची सोय आम्ही घेतली नाही. घरात वायफाय आहे आणि प्रवासात फोनवरून इंटरनेट घेता येते. साठवणीच्या जागेचाही बाऊ करू नये. छायाचित्रांनी भरलेले एक पुस्तक पन्नास एमबीचे धरले, तरी शंभर पुस्तकांना पाच जीबी पुरतात. मात्र सुरक्षिततेची सुधारित आवृत्ती किती वर्षे मिळणार, हे जरूर विचारावे. ती थांबली की चांगले यंत्रही धोक्याचे होते, आणि वडीलधाऱ्यांना फसवणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे.

वाचकहो, आईला जे जमले ते तुमच्या घरी जमेलच असे नाही. मुलाला आकृत्या काढायच्या आणि टिपणे लिहायची असतील, तर पडद्यावर तळहात टेकला तरी गोंधळ न होणारी खास लेखणी कोणत्या टॅब्लेटला चालते, हे आधी पाहावे. रबरी टोकाचे तिथे काम नाही. ज्याला दिवसभर टंकलेखनच करायचे आहे, त्याने टॅब्लेटला कळफलक जोडत बसण्यापेक्षा सरळ लॅपटॉप घ्यावा. गंमत अशी, की पाटीसारख्या संगणकाची कल्पना अमेरिकेतल्या ॲलन के यांनी १९७२ साली मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर लहान मुले होती. यंत्राआधी वापरणारा पाहावा, हे त्यांना तेव्हाच कळले होते. मला कळायला एक टॅब्लेट फुकट जावा लागला.

अगदी फुकट मात्र गेला नाही. तो आठ इंची टॅब्लेट आता माझ्या शबनम पिशवीत असतो आणि बसमध्ये त्यावर माझे वाचन झकास होते. वस्तू वाईट नव्हतीच. ती ज्याच्या मापाची होती, त्याच्याकडे आता पोचली आहे.

आईचा आजार काही पाटीने बरा होणार नाही. डॉक्टरांकडे वेळच्या वेळी जावेच लागते आणि अर्ध्या तासाने ती स्वतःच डोळे मिटून स्वस्थ पडते. पण छापील पानाचा फोटो काढून, तो मोठा करून वाचण्याची युक्ती तिने आत्मसात केली आहे. गेल्या दिवाळीचा तो अंक तिने या पावसाळ्यात वाचून संपवला. ती कथा कशी होती, हे मी पुन्हा विचारले.

"अगदीच सामान्य," ती म्हणाली. "शेवट तर पहिल्या पानावरच कळतो."

हा लेख संपादकांकडे पाठवण्यापूर्वी मी तिच्या ठवणीवर ठेवला. अक्षर चांगले मोठे करून, हातातली लेखणी ओळीखालून फिरवत तिने तो सबंध वाचला आणि ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका काढल्या.